बायबल वाचायला बसताय? एक ओळ नको, अख्खं पुस्तक घ्या

31 डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीला बऱ्याच चर्चमध्ये वचनाची, म्हणजे बायबलातली एक-एक ओळ छापलेली, कार्डं वाटतात. तुला कुठलं आलं, मला कुठलं आलं अशी विचारपूस होते, मग कार्ड पाकिटात जातंय नाहीतर कपाटाच्या आरशाला चिकटतंय, आणि पुढचं वर्षभर तेवढी एक ओळ म्हणजेच आपलं बायबल होऊन बसतंय. कार्ड वाईट नाही. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणारी माणसं त्या एका ओळीवर तरलेली मी बघितलीत. पण घरात अख्खं बायबल असताना आपण कार्डापाशीच थांबतो याचं मनापासून वाईट वाटतंय, म्हणून हे लिहायलोय.

आमच्या इकडं, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात, मराठीतनं बायबल वाचायची इच्छा असलेली माणसं भरपूर आहेत. त्यात चर्चला जाणारे आहेत तसे नुसत्या उत्सुकतेनं वाचणारेही आहेत, कॉलेजची पोरं आहेत, शेजारच्या घरातनं मागून नेऊन वाचणारे आहेत. सगळ्यांची तक्रार एकच असते की उत्पत्तीपासून जोरात सुरू केलं, निर्गमाच्या अर्ध्यापर्यंत मजा आली, पुढं निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू झाली, लेवीय हे नियमांचं पुस्तक आलं आणि पुस्तक बंद झालं ते झालंच. यात वाचणाऱ्याचा दोष काही नाही, फक्त सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली आणि वाचायची पद्धत कुणी सांगितली नाही.

पद्धत एका वाक्यात सांगतो. ओळ उचलायची नाही, पुस्तक घ्यायचं, आणि ही ओळ कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, कुठल्या प्रसंगी बोलतंय हे बघूनच पुढं जायचं. बाकी सगळं हे करायचं कसं एवढंच आहे.

सगळ्यात फेमस कार्ड घेऊन करून बघू

यिर्मया 29:11. व्हॉट्सॲप स्टेटसला, कॅलेंडरवर, लग्नाच्या पत्रिकेवर सगळीकडं हे असतंय. तुमच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते हिताचं आहे, तुम्हाला आशा आणि चांगला शेवट द्यायचं माझ्या मनात आहे, असा त्याचा अर्थ. आता बायबल उघडून त्याच 29 व्या अध्यायाच्या पहिल्या ओळीवर या. तिथं सरळ लिहिलंय की हे पत्र आहे. यिर्मया संदेष्टा यरुशलेमात आहे, आणि नबुखद्नेस्सर राजानं ज्यांना धरून बाबेलला नेलं त्यांना तो हे पत्र पाठवतोय. इसवी सन पूर्व 597 मध्ये राजा, राजमाता, सरदार, सुतार, लोहार अशा सगळ्या कामाच्या माणसांना उचलून नेलं होतं, त्यांनाच हे लिहिलंय.

आता एक अध्याय मागं, 28 वर जा. तिथं हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भर मंदिरात उभा राहून सांगतोय की काळजी करू नका, दोन वर्षांत सगळे परत येतात. यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून जू होतं, ते काढून त्यानं सगळ्यांसमोर मोडलं सुद्धा. लोकांना काय ऐकायला आवडलं असेल ते सांगायलाच नको. आणि या पार्श्वभूमीवर यिर्मयाचं पत्र काय म्हणतंय, तर घरं बांधा, त्यात राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरापोरींची लग्नं करा. म्हणजे लवकर सुटका नाही. दहाव्या ओळीत तर आकडाच दिलाय, 70 वर्षं. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. आणि हे सगळं सांगून झाल्यावर अकरावी ओळ येते.

आता कार्ड परत वाचा. ओळ तीच आहे, पण आता ती 'तुझा जॉब या महिन्यात लागणार' असं सांगत नाही. लांबची वाट आहे, ती वाट देवाला माहीत आहे, तोवर घर बांध आणि झाड लाव, असं सांगते. मला तरी ही ओळ अशी वाचल्यावर जास्त आधाराची वाटते, कारण ज्याचं काम दोन वर्षांत होत नाही त्यालासुद्धा ती पुरते.

आणि त्याच पत्रातली सातवी ओळ कार्डावर कधीच येत नाही, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. आपण सीमाभागातली माणसं, घरात एक भाषा, ऑफिसात दुसरी, दुकानाच्या बोर्डावर तिसरी. आपण काही बंदिवान नाही, त्यामुळं ते लावून धरू नका, पण ज्या गावात राहतो तिथल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करा ही गोष्ट इथं बसून वाचताना मनाला भिडतेच की. हे दोन अध्याय वाचायला पंधरा मिनिटं सुद्धा लागत नाहीत. घरातलं प्रत्येक कार्ड असं तपासा, मागचा एक अध्याय आणि पुढचा एक अध्याय वाचून. बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवायचं आणि येईल ती ओळ आजचा निरोप म्हणून घ्यायची ही सवय मात्र सोडाच, त्यातनं वाचन होत नाही.

बायबल कुठलं घ्यायचं

यावर फार वेळ घालवू नका. प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं असतात, 39 जुन्या करारात आणि 27 नव्या करारात. कॅथलिक बायबलात 73, त्यात टोबीत, मक्काबी वगैरे जास्तीची असतात, म्हणून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मैत्रिणीच्या बायबलात वेगळी पुस्तकं दिसली तर गोंधळू नका. बायबल सोसायटीचं जुनं 'पवित्र शास्त्र' भाषेला भारदस्त आहे, आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तेच तोंडपाठ असतंय. नव्या वाचकानं सोप्या मराठीतलं भाषांतर हाताशी ठेवावं आणि अडलं की दोन्ही शेजारी उघडून बघावं. मराठीत हे काम काही आजचं नाही, विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या बंगालातल्या सेरामपूरच्या छापखान्यातनं मराठी नवा करार 1811 मध्ये मोडी लिपीत निघाला, बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 मध्ये सुरू झालं, आणि पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची शेवटची बरीच वर्षं केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरनं बायबल साध्या मराठीत आणण्यात घातली, 1922 मध्ये जाईपर्यंत त्या याच कामात होत्या. एवढ्या लोकांनी एवढे कष्ट कशासाठी घेतले, तर साध्या माणसाला स्वतःच्या हातानं वाचता यावं म्हणून. तेव्हा भाषा जड आहे म्हणून बाजूला ठेवू नका, सोपं भाषांतर मागून घ्या.

मोबाईलवर बायबल ॲपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही फुकट मिळतंय, ऑडिओ पण मिळतंय. रात्री थ्री फेज करंट आल्यावर मोटर लावून बांधावर बसणाऱ्यांना ऑडिओचा फार उपयोग आहे. पण पहिल्यांदा समजून वाचायचं असेल तर कागदावरचंच घ्या असं मी म्हणेन, कारण ॲपवर शोधलेली ओळच तेवढी समोर येते आणि मागचं-पुढचं स्क्रोल करायचा कंटाळा येतोय. कागदावर डाव्या पानावरचंही आपोआप दिसतंय.

नवख्यांसाठी एवढं सांगतो, मार्क 4:41 म्हणजे मार्कचं पुस्तक, चौथा अध्याय, एक्केचाळिसावी ओळ. हे आकडे लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत. अध्याय 13 व्या शतकात पाडले आणि नव्या कराराच्या ओळींना आज वापरतो ते आकडे 1551 च्या एका छापील आवृत्तीत पडले. पत्ता शोधायला सोयीचे आहेत, पण काही ठिकाणी विषय मधेच तुटतो. यशयाचा 53 वा अध्याय गुड फ्रायडेला हमखास वाचतात, पण ते गाणं खरं 52:13 पासून सुरू होतंय. तिथनं वाचून बघा, सुरुवातच वेगळी वाटेल.

पहिलं पुस्तक: मार्क

सगळ्यात छोटं शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं सगळ्यात लहान, 16 अध्याय. मोठ्यानं वाचलं तर दीड-दोन तासात संपतंय, म्हणजे एक पिक्चर बघायचा वेळ. रविवारी दुपारी बसून एका दमात वाचा, समजलं नाही तरी थांबू नका, पेन्सिल पण घेऊ नका.

दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्या आणि एकच काम करा, 'हा कोण आहे?' असं जिथं जिथं कुणी विचारतंय तिथं खूण करा. 1:27 ला सभास्थानातले लोक चकित होऊन विचारतात हे काय नवीन. 2:7 ला शास्त्री मनात म्हणतात, पापांची क्षमा करणारा हा कोण. 4:41 ला वादळ थांबल्यावर होडीतले शिष्य घाबरून म्हणतात, वारा आणि समुद्र पण याचं ऐकतात, हा आहे तरी कोण. 6:3 ला गावचे लोक म्हणतात, अरे हा तर आपला सुतार, मरीयेचा मुलगा. मग पुस्तकाच्या बरोबर मध्यावर 8:29 ला येशू स्वतःच विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? पेत्र नावाचा शिष्य उत्तर देतो, तू ख्रिस्त आहेस, आणि बघा, त्यानंतर लगेच येशू दुःख सोसायचं आणि मरायचं बोलायला लागतो आणि तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे उत्तर बरोबर आलं पण समजलं अर्धंच. आता या प्रसंगाच्या तोंडावर 8:22 ला काय आहे बघा, एक आंधळा माणूस दोन टप्प्यांत बरा होतो, पहिल्यांदा त्याला माणसं झाडांसारखी दिसतात, दुसऱ्यांदा स्पष्ट दिसतंय. मार्कनं ही गोष्ट इथंच का ठेवली असेल यावर विचार करा, मी सांगत नाही. आणि शेवटी 15:39 ला 'हा देवाचा पुत्र होता' असं म्हणतंय कोण, तर वधस्तंभासमोर उभा असलेला परका रोमी शताधिपती, म्हणजे शिपायांचा अधिकारी.

असं एक सूत धरून वाचलं की सुट्या गोष्टी सुट्या राहत नाहीत. संडे स्कूलमध्ये वादळाची गोष्ट वेगळी, आंधळ्याची वेगळी असं शिकलेलं असतंय, इथं कळतंय की लिहिणाऱ्यानं सगळं विचार करून ओळीत लावलंय. शेवटी 16:8 नंतर बहुतेक बायबलात तळटीप किंवा कंस दिसेल, कारण जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत पुढच्या ओळी नाहीत. त्याला घाबरायचं कारण नाही, तळटिपा वाचत जा, त्या आपल्यासाठीच असतात.

दुसरं पुस्तक: रूथ, आणि शेतकऱ्यांनी जरूर

चारच अध्याय. हे मी मार्कनंतर लगेच सांगतो कारण हे पुस्तक आपल्या भागातल्या माणसाला शहरातल्या शिकलेल्या माणसापेक्षा जास्त कळतंय. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब पोट भरायला परक्या मुलखात मवाबात जातं, घरातले तिन्ही पुरुष तिथं वारतात, आणि म्हातारी नामी आपली मवाबी सून रूथ हिला घेऊन जवाच्या सुगीच्या तोंडावर गावी परत येते. रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते.

इथं थांबून लेवीय 19:9 उघडा, हो, तेच लेवीय जिथं सगळे अडकतात. तिथं नियम आहे की पीक कापताना शेताच्या कडा पार कोपऱ्यापर्यंत कापायच्या नाहीत, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी सोडायची. म्हणजे तो कंटाळवाणा वाटणारा नियम नसता तर रूथ उपाशी मेली असती. शेतमालक बवाज तर नियमाच्या पुढं जातो, 2:16 ला गड्यांना सांगतो की पेंढीतनं थोडी कणसं मुद्दाम ओढून तिच्यासाठी टाका आणि तिला बोलू नका.

तिसऱ्या अध्यायात बवाज रात्री खळ्यावर झोपलाय. आमच्या घरसभेत हे वाचताना कॉलेजच्या पोरांना प्रश्न पडला, एवढा मोठा माणूस घर सोडून खळ्यावर कशाला झोपेल, आणि त्यावरनं नाही नाही ते तर्क सुरू झाले. खानापूर भागातले एक काका कोपऱ्यात बसले होते, ते म्हणाले, "अरे, उफणायला वारं संध्याकाळी सुटतंय, काम संपेस्तोवर रात्र होते. आणि रास खळ्यावर उघडी पडलेली, मालक राखणीला झोपणारच की. आमचे आजोबा सुगीत पंधरा-पंधरा दिवस घरात झोपायचे नाहीत." परत 3:7 वाचलं तर तिथं लिहिलेलंच आहे, तो राशीच्या कडेला झोपला. अख्ख्या खोलीला तो अध्याय दिसायला लागला. आता मळणी मशीन आल्यावर ही माहिती असलेली माणसं कमी होत चाललीत, म्हणून म्हणतो, घरातल्या आज्जी-आजोबांना सोबत घेऊनच वाचा. गुराखी, विहीर, जातं, द्राक्षमळ्याची राखण, माळवदाचं घर, काथवटीत मळलेलं पीठ, असलं सगळं त्यांना कुठल्या पुस्तकात बघावं लागत नाही.

आणि रूथचं शेवटचं पान वंशावळीनं संपतंय, ते गाळू नका. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. मग मत्तयाचा पहिला अध्याय काढा, नावांची यादी म्हणून सगळे ज्याच्यावरनं उडी मारतात तो. त्यात रूथ सापडेल, आणि तामार, राहाब, उरीयाची बायको. पुरुषांच्या यादीत ही चार नावं मत्तयानं कशाला घातली असतील हा प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि एकेकीची गोष्ट जाऊन वाचा.

सगळं एकाच आवाजात वाचू नका

बायबलात गाणी आहेत, कायदे आहेत, पत्रं आहेत, दरबारी इतिहास आहे, म्हणी आहेत. पत्र पत्रासारखं वाचायचं आणि गाणं गाण्यासारखं.

स्तोत्रं 150 आहेत, रोज एक पुरे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची रीत आहे, पहिली ओळ एक गोष्ट सांगते आणि दुसरी तीच थोडी पुढं नेते, तेव्हा दोन ओळींत दोन वेगळे अर्थ शोधत बसू नका, दोन्ही मिळून एकच भावना आहे. 119 वं स्तोत्र 176 ओळींचं आहे कारण हिब्रूची 22 अक्षरं घेऊन प्रत्येक अक्षरावर आठ-आठ ओळी रचल्यात, त्यामुळं ते एका दिवसात न वाचता आठ-आठ ओळी घेऊन बावीस दिवस वाचा. आणि फक्त 23 वं स्तोत्र पाठ करून थांबू नका. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे आपल्याला पाठ असतंय, पण त्याच्या अलीकडचं 22 वं स्तोत्र 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' या टाहोनं सुरू होतंय, आणि हेच शब्द येशू वधस्तंभावर उच्चारतो. 88 वं तर अंधारातच संपतंय, शेवटी दिलासा नाही. ज्याच्या घरात मयत झालंय त्याला लगेच आनंदाचं वचन पाठवण्यापेक्षा 88 वं त्याच्याजवळ बसून वाचा. देवापुढं असं बोलायला परवानगी आहे हेच कितीतरी लोकांना माहीत नसतंय.

नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत, तारखेप्रमाणं रोज एक वाचता येतोय. पण ती अनुभवाची वाक्यं आहेत, गॅरंटी कार्ड नाही. 26:4 म्हणतंय मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणं उत्तर देऊ नको, लगेच 26:5 म्हणतंय दे. दोन्ही शेजारी मुद्दाम ठेवलीत, कुठं कुठली लावायची ते तुम्ही बघायचं. 'मुलाला चांगलं वळण लाव, म्हातारपणी पण तो सोडणार नाही' या अर्थाची 22:6 ची ओळ वापरून ज्यांचा मुलगा बिघडलाय त्या आईबापाला दोष देणारे बघितले की फार त्रास होतो. असं करू नका.

गोष्टींच्या पुस्तकांत, शास्ते किंवा शमुवेल वाचताना, जे घडलं ते लिहिलंय, ते बरोबर होतं असं लिहिलेलं नाही. दावीद राजानं 2 शमुवेल 11 मध्ये उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवलं ते वाचून 'देवाचा माणूस असं कसं?' म्हणत पुस्तक बंद करणारे आहेत, 12 वा अध्याय वाचा, नाथान संदेष्टा तोंडावर सांगतो, तो माणूस तूच. शास्तेमधलं भयानक वाचून डोकं गरगरलं तर शेवटची ओळ, 21:25, बघा, ज्याला जे बरं वाटेल ते तो करायचा. लिहिणारा सुद्धा खूश नाहीच.

पत्रांचं एक लक्षात ठेवा, ती उत्तरं आहेत आणि बऱ्याचदा मूळ प्रश्न आपल्यासमोर नसतो. 1 करिंथ 7:1 ला पौल, ही बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित, म्हणतोच, तुम्ही जे लिहून विचारलंत त्याविषयी. तेव्हा एखादी ओळ उचलून शेजारणीला लावायच्या आधी करिंथच्या मंडळीत काय भांडणं चालली होती ते पूर्ण पत्र वाचून अंदाज घ्या. सुरुवात फिलिप्पैकरांस पत्रापासून करा, चारच अध्याय आहेत, पौल तुरुंगातनं लिहितोय. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो ही 4:13 ची ओळ जिमच्या भिंतीवर आणि परीक्षेच्या पॅडवर असते, पण 4:11 आणि 4:12 मध्ये विषय चाललाय उपाशी राहायचा आणि भरल्या पोटी राहायचा, दोन्हींत समाधानी कसं राहायचं. पास होण्याबद्दल ती ओळ बोलत नाही, नापास झालेल्यालाही ती चालते.

नकाशा उघडा

बायबलाच्या मागं नकाशे असतात, ते शोभेला नसतात. लूक 10 मधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या, लुटारूंनी अर्धमेलं करून टाकलेल्या माणसाला एक परका शोमरोनी वाचवतो ती. माणूस यरुशलेमाहून यरीहोला 'उतरत' होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या बेळगावाएवढं उंच, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली साधारण 250 मीटर. पंचवीसेक किलोमीटरात हजार मीटर उतार. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला गेलेल्यांनी डोळ्यासमोर आणावं, फक्त तिथं झाड नाही, उघडे खडक, वळणं, लपायला जागाच जागा. लुटारूंनी तिथंच का गाठलं ते सांगावं लागत नाही. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणारी माणसं, बाजूनं निघून गेले याची भीती पण समजते. मग योहान 4:9 बघा, यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत असं तिथं स्पष्टच लिहिलंय. गोष्ट संपल्यावर येशू विचारतो शेजारी कोण ठरला, तर शास्त्र्याच्या तोंडातनं 'शोमरोनी' हा शब्द निघतच नाही, 'ज्यानं दया केली तो' असं म्हणून तो वेळ मारून नेतो. 10:37, जाऊन बघा. आपल्या गल्लीत कुणाचं नाव घ्यायला जीभ अडखळते ते ज्याचं त्यानं ठरवावं.

घरात बसून एकत्र वाचायचं असेल तर

आपल्या घरांत आज्जीला मराठी वाचता येतंय, सून मराठी शाळेतली, नातवंडं कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमची, त्यांना देवनागरी जोडाक्षरं वाचताना घाम फुटतोय आणि मग ती गप्प बसतात. जबरदस्ती करू नका. त्यांच्या हातात सत्यवेद, म्हणजे कन्नड बायबल, द्या, अध्याय आणि ओळींचे आकडे सगळीकडं जवळपास सारखेच असतात, तेव्हा एक जण मराठीत वाचेल तेव्हा बाकीचे आपापल्यात बोट ठेवून बघू शकतात. मग पुढचा तुकडा कन्नडमधनं होऊ दे. त्यानंतर पुस्तक मिटवून कुणीतरी आत्ता काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, वाचनापेक्षा यातच जास्त कळतंय. सांगताना अडखळला की समजायचं तिथं सगळ्यांनाच कळलेलं नाही, परत वाचा. पास्टर किंवा फादर आले असतील तर त्यांना शेवटी बोलायला सांगा, आधी नाही, नाहीतर बाकीचे तोंडच उघडत नाहीत. आणि म्हातारी माणसं 'मला काय कळतंय बाबा' म्हणतील, त्यांना मुद्दाम विचारा.

वेळ वीस मिनिटं पुरे. एका वर्षात पूर्ण बायबल असा तक्ता बरेच जण वाटतात, 1189 अध्याय आहेत म्हणजे रोज तीन-चार. पहिल्याच वर्षी त्या मागं लागू नका, दोन दिवस चुकले की आठ अध्यायांचं कर्ज होतंय आणि कर्ज झालं की माणूस पुस्तकच टाळायला लागतोय. मार्क, रूथ, फिलिप्पै, मग योना, मग उत्पत्ती पूर्ण, निर्गम 1 ते 20, मग लूक आणि त्याच्यामागं लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही पुस्तकं एकाच लेखकानं थियफील नावाच्या एकाच माणसाला लिहिलीत आणि गोष्ट सलग आहे. एवढं झालं की लेवीयाचा आधी फक्त 19 वा अध्याय वाचा, त्यात सरवा आहे, खरं वजन-माप आहे, मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका आहे, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा आहे, आणि 34 व्या ओळीत परक्यावरही तशीच करा आहे. हा अध्याय कळल्यावर बाकीचं लेवीय कशासाठी आहे याचा अंदाज येतोय.

एक साधी वही ठेवा. प्रश्न लिहा, उत्तराची जागा कोरी सोडा. काही प्रश्न पुढच्याच पुस्तकात सुटतात, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि ते राहू देत. युट्यूबवर लगेच उत्तर शोधायला जाऊ नका, आधी त्याच पुस्तकात शोधा, मग दुसऱ्या पुस्तकात, मग विश्वासातल्या माणसाला विचारा.

प्रकटीकरण सगळ्यात शेवटी. जगात कुठं लढाई झाली की आमच्या इकडच्या ग्रुपवर त्यातल्या पशूचे आणि 666 चे मेसेज फिरायला लागतात. ते पुस्तक पात्म बेटावर असलेल्या योहानानं आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहिलंय, आणि त्यातली चित्रं दानीएल, यहेज्केल, जखऱ्या, निर्गम यातनं आलेली आहेत. ती पुस्तकं न वाचता प्रकटीकरण उघडलं तर मनाला येईल तो अर्थ लागतोय. तेव्हा आधी ती वाचा, मग प्रकटीकरणाचा फक्त दुसरा आणि तिसरा अध्याय घ्या, सात मंडळ्यांना सात निरोप आहेत, कुणाची पहिली प्रीती गेली, कुणी कोमट झालं, कुणी गरीब असून श्रीमंत. आपली मंडळी यातली कुठली ते बसून बोला, त्यालाच दोन-तीन रविवार जातील. आणि कुणी शेवटच्या दिवसाची तारीख काढून पाठवली तर त्याला मार्क 13:32 वाचायला सांगा, मार्क तोवर तुमचं वाचून झालेलं असेल.